आबांनी बसवलेला नॉब

"वृषे, हात लावून बघ. हालतोय काय?"

आबांनी बोल्ट माझ्यापुढं धरला. मी नवा काळा नॉब चिमटीत पकडला आणि हलकेच दाबून पाहिला. हालत होता. केसाएवढा, पण हालत होता.

"नाही आबा," मी म्हणाले. "दगडासारखा बसलाय."

आबा हसले. हातातलं फडकं खांद्यावर टाकून त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, "ऐकलंस काय? चहा टाक. काम झालं!"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कोल्हापुरात कळंब्याला आमचं घर, त्याच्या मागच्या पडवीत हे चाललं होतं. दिवसा शाळेत मी खेळाची शिक्षिका होते आणि सकाळ-संध्याकाळ रेंजवर नेमबाज. झोपून पन्नास मीटरवर मारायची रायफल, साठ गोळ्यांचा सामना. या रायफलीत प्रत्येक गोळीला बोल्ट उघडावा लागतो. दांडी वर उचलायची, मागं ओढायची, रिकामं टरफल पडलं की नवी गोळी घालायची, पुढं ढकलून दांडी खाली दाबायची. असं साठ वेळा. त्या दांडीच्या टोकाला जी गोटी असते तिला आम्ही नॉब म्हणतो. माझी रायफल जुनी, एका निवृत्त नेमबाजाकडून घेतलेली. तिचा नॉब बोराएवढा आणि घामानं निसटणारा. बाकीच्या मुलींनी मोठे नॉब बसवून घेतले होते. मीही एक मागवला. तो आला, पण माझ्या रायफलीला जुना नॉब दांडीतच घडवलेला होता. तो कापून काढायचा, दांडीच्या टोकावर आटे पाडायचे आणि त्या आट्यांवर नवा नॉब फिरवून बसवायचा, असं काम होतं.

"वर्कशॉपमध्ये देते," मी म्हणाले होते.

"आन् मी काय मेलोय?" आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील, केरबा लोहार. उद्यमनगरात चौतीस वर्षं टर्नर होते. लेथच्या यंत्रावर इंजिनांचे सुटे भाग करायचे. केरबा मिस्त्रीनं माप घेतलं की दुसऱ्यानं घ्यायचं नाही, असं तिथले लोक म्हणत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरी लेथ नव्हता, पण पडवीतल्या लाकडी मेजावर वस्तू घट्ट पकडून धरणारा व्हाइस होता आणि हत्यारांची पेटी होती. आटे हातानंच पाडता येतील, डाय आहे माझ्याकडं, असं ते म्हणाले.

मी आईकडं पाहिलं. आईनं मला आत ओढलं.

"करू दे त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "चार महिन्यांत पहिल्यांदा पेटी उघडलीय."

आबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. नुसता मांडीवर ठेवला तरी अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत राहायची, तंबाखू चोळावी तशी. आमटीची वाटी ते डाव्या हातानं उचलायला लागले होते. सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणायचे. मी हे सगळं बघत होते, आई बघत होती. घरात त्यावर एक शब्द निघालेला नव्हता.

त्या रविवारी मी शेजारी उभी राहून बघितलं. त्यांनी दांडी व्हाइसमध्ये पकडली, जुना नॉब करवतीनं कापला, टोक कानशीनं गोल केलं. इथवर ठीक होतं. मग डाय, म्हणजे आटे कापायची पोलादी चकती, टोकावर ठेवला. डाय सरळ बसावा लागतो. पहिल्या दोन फेऱ्यांत तो तिरका झाला की पुढचे सगळे आटे तिरके. आबांनी हँडल धरलं आणि हात थरथरला. त्यांनी डावा हात उजव्यावर दाबला आणि फिरवलं. पोलादाचा बारीक चुरा पडायला हवा होता, तिथं फाटलेले तुकडे पडले. ते थांबले, डाय काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा फिरवला. मग आटे बोटानं चाचपून बघितले आणि मान हलवली. पूर्वी ते बोटानं सुताचा आठवा भाग ओळखायचे. आता तिरके आटे त्यांच्या बोटाला कळले नाहीत. शेवटी त्यांनी आट्यांवर गोंद लावला, नॉब फिरवून बसवला, आणि मला म्हणाले, हात लावून बघ.

मी काय म्हणाले ते वर सांगितलंच आहे.

दहा दिवसांनी मुंबईला सामना होता. एकतिसाव्या गोळीला मी दांडी उचलली आणि नॉब माझ्या हातात आला. मी तो खिशात टाकला, दांडीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि उरलेल्या गोळ्या तशाच मारल्या. अंगठ्याची सालं निघाली. अकरावी आले.

घरी आबा दारातच उभे होते.

"काय झालं?"

"वारा फार होता, आबा."

"आन् नॉब?"

"नॉबचं काय! एक नंबर."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बोल्ट घेऊन इचलकरंजीला गेले. उद्यमनगरात जाणं शक्य नव्हतं, तिथं प्रत्येक जण केरबा मिस्त्रीला ओळखत होता. इचलकरंजीतल्या त्या अनोळखी माणसानं दांडीचं टोक भिंगाखाली धरलं.

"हे कुणी केलं?"

"घरीच केलं होतं."

"असली कामं घरी करू नयेत, मॅडम," तो म्हणाला. त्यानं फाटलेले आटे काढून टाकले, वर बारीक बुश, म्हणजे पोलादी कडं, चढवला, लेथवर नवे आटे पाडले आणि तोच नॉब बसवून दिला. पाऊण तासाचं काम. पुन्हा तो कधी तसूभर हालला नाही.

आबांना काही कळलं नाही. मी आईलाही सांगितलं नाही. आबा त्या महिन्यात नीट जेवायला लागले, संध्याकाळी पेठेत मित्रांकडं जायला लागले. मला वाटलं, बरं झालं.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी आबा पहिल्यांदाच रेंजवर आले, माझा डबा घेऊन. मी शुभांगीशेजारी बसले होते. शुभांगी चौगुले राधानगरीकडच्या एका गावातली. रोज पहाटेच्या एसटीनं यायची. आमच्या क्लबच्या रायफलीवर मारायची आणि आमच्या सगळ्यांत चांगली मारायची. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या. राज्य स्पर्धेत पदक मिळालं तर तिला अर्ज करता येणार होता. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. घरच्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, हे एवढं वर्ष, मग लग्न.

तिनं माझा बोल्ट हातात घेतला होता, दोनदा उघडबंद करून बघितला.

"किती मऊ चालतोय हो ताई! कुणी बसवला?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"मी बसवला. हातानं. लेथ न्हाई, काय न्हाई."

शुभांगी उठून उभी राहिली. "काका, मलापण बसवून द्या की! क्लबचे सर नॉब आणून देतो म्हणालेत, पण बसवायचा कुणाकडनं तेच कळंना."

"घेऊन ये पुढच्या रविवारी."

"आबा," मी म्हणाले, "तिची रायफल क्लबची आहे. क्लबच्या ओळखीचं वर्कशॉप आहे. उगीच तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास कसला?" आबा माझ्याकडं न बघता तिला म्हणाले, "तुझी ताई अशीच. बापाला म्हातारा करून ठेवलंय तिनं."

शुभांगी हसली. मीही हसले.

त्या रविवारी शाळेत पालकसभा होती. मी थांबू शकले असते, मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या नसत्या. मी गेले. संध्याकाळी परत आले तर पडवी झाडून स्वच्छ होती आणि शुभांगी काम करून घेऊन गेलेली होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. पोरगी लई गुणी आहे. जाताना पाया पडली."

मंगळवारी रेंजवर मी तिचा बोल्ट मागून घेतला आणि नॉब दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. घट्ट होता.

"शुभांगी, एकदा वर्कशॉपमध्ये दाखवून घे," मी म्हणाले. "सामन्याच्या आधी. आबांचं वय झालंय."

"काय ताई, तुमचा चालतोय की इतके दिवस! काकांच्या हाताला तोड नाही."

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझा त्यांनी बसवलेला नाही, एवढंच. बाकीच्या मुली जवळच होत्या, सरही होते. मी बोल्ट तिच्या हातात परत दिला. नॉब घट्ट आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तो कशानं घट्ट आहे हे मला माहीत होतं. आट्यांनी नव्हे, गोंदानं.

राज्य स्पर्धा पुण्याला होती. शुभांगी माझ्यापासून तिसऱ्या जागेवर झोपली होती. माझं त्या दिवशी काही जमत नव्हतं, म्हणून मी लवकर संपवून मागं येऊन बसले. तिच्या मागचे लोक कुजबुजत होते. एकावन्न गोळ्यांत तिचे फक्त पाच गुण गेले होते. असंच चाललं असतं तर सुवर्णपदक होतं.

बावन्नाव्या गोळीनंतर तिनं दांडी उचलली आणि तिचा हात रिकामाच वर आला. नॉब चटईवर पडला, घरंगळत पुढं गेला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटतं, काय झालं ते तिला कळलंच नसावं. मग तिनं बोटांनी दांडी धरली, ती निसटली, पुन्हा धरली. टोक धारदार होतं, बोट कापलं. तिच्याजवळ चिकटपट्टी नव्हती. माझ्या पिशवीत होती, पण सामना चालू असताना बाहेरच्या माणसाला पुढं जाता येत नाही. मी पट्टी हातात घेऊन उभी राहिले. तिनं हातमोज्याचं टोक दांडीवर ओढून शेवटच्या आठ गोळ्या मारल्या. त्या आठांत सात गुण गेले. ती पाचवी आली. कांस्यपदक तिच्यापासून तीन गुणांवर होतं.

सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मीच काल उगाच फिरवून बघितला होता सर. ढिला झाला असणार."

मी तिला बाजूला घेतलं. बोटाला पट्टी बांधली. ती रडत नव्हती.

"ताई, काकांना सांगू नका हं," ती म्हणाली. "जिवाला लागेल त्यांच्या. मी घाबरले, हात कापला, असं सांगा."

मी नुसती मान हलवली.

घरी आबांनी विचारलं, शुभांगीचं काय झालं? मी सांगितलं, पाचवी. ऐन वेळी घाबरली.

"अरारा," आबा म्हणाले. "एवढी शूर पोर."

पंधरा दिवस गेले. एका दुपारी मी शाळेतून आले तर आबा पडवीत डायला तेल लावत बसले होते. खुशीत होते.

"सरांचा फोन आलेला. अजून दोन रायफली पाठवतायत म्हणे. मोठ्या नॉबसाठी."

मी पिशवी खाली ठेवली. त्यांच्यासमोर पाटावर बसले.

"आबा, त्या घेऊ नका."

"का?"

"शुभांगी घाबरली नव्हती. नॉब निघाला तिचा. बावन्नाव्या गोळीला."

आबांचा हात तेलाच्या फडक्यावर थांबला, म्हणजे त्यांनी थांबवला. बोटं हालतच होती.

"तीच म्हणाली, सांगू नका," मी पुढं म्हणाले.

आबांनी तेलाची बाटली बाजूला सारली. मग त्यांनी विचारलं, "तुझापण निघाला होता?"

"हो."

"कितव्या गोळीला?"

"एकतिसाव्या. मुंबईला."

"मग आता कुणी बसवलाय?"

"इचलकरंजीत एकानं."

"त्यानं काय केलं?"

"आटे काढले. बुश चढवला. लेथवर पुन्हा आटे पाडले."

"बराबर," आबा म्हणाले. "तसंच करायला पाहिजे होतं." त्यांनी डाय फडक्यात गुंडाळला. "हितं मी विचारलं तुला तवा हालत होता?"

मी खाली ठेवलेली पिशवी उगाच जवळ ओढली. त्यांना उत्तर मिळालं.

"वृषे," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं, "मुंबईहून आलीस तवा तरी बोलली असतीस तर एकच पोरगी हरली असती."

आई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार होते. मी सुट्टी टाकली. आम्ही एसटीनं राधानगरीकडं गेलो, तिथून वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपनं तिच्या गावात. चौगुल्यांच्या अंगणात तिचे वडील आणि चुलते बसले होते. शुभांगी गोठ्यातून हात पुसत बाहेर आली आणि आम्हाला बघून तिथंच थांबली.

पाणी दिलं, चहा दिला. चुलते म्हणाले, "पोरीनं वर्ष घालवलं. ऐन वेळी कच खाल्ली."

आबा उठून उभे राहिले. "मी त्याचंच सांगायला आलोय. तुमच्या पोरीनं कच खाल्ली न्हाई. तिच्या बंदुकीचं काम मी केलं होतं. ते माझ्या हातनं बिघडलं. हे बघा," असं म्हणून त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर पुढं केला. तो उघड्यावर थरथरत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो असा कुणाला दाखवला. "चूक ह्याची आहे. तिची न्हाई. तिला बोल लावू नका."

"अहो मिस्त्री, बसा," तिचे वडील म्हणाले. "होतं माणसाच्या हातनं."

"कशाला आलात काका एवढ्या लांब?" शुभांगी म्हणाली. तिनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. आता ती रडत होती.

आबांनी माझं नाव घेतलं नव्हतं. परतीच्या वाटेवरही घेणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच बोलले.

"शुभांगी, मला माहीत होतं. माझापण निघाला होता. तुझ्या आधी."

तिनं वर पाहिलं. काही क्षण तिला समजायला लागले. रेंजवर मंगळवारी मी नॉब दाबून पाहिला होता, ते तिला आठवलं असावं.

"मग ताई, मला का..." एवढंच ती म्हणाली आणि थांबली.

निघताना ती आबांच्या पाया पडली. जीपपर्यंत त्यांना धरून आली, चढताना आधार दिला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

वैशाखात तिचं लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली, ती आबांच्या नावानं. त्या नोकरीचं काही झालं नाही. आबांनी सरांना सगळं सांगितलं, सरांनी वर पत्रही लिहिलं, पण निकाल तो निकाल. तिनं पुन्हा रायफल धरल्याचं मी ऐकलं नाही. सात-आठ वर्षांनी गडहिंग्लजच्या बाजारात दिसली, कडेवर मूल होतं. काका कसे आहेत, विचारलं. मी सांगितलं. ती पाच मिनिटं त्यांच्याबद्दलच बोलली आणि गेली.

त्या गावाहून परतल्यावर आठवड्यात आम्ही आबांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडमिट करायला लावली, कंपवात आहे म्हणाले.

"कधीपासून थरथरतोय हात?"

"दोन वर्षं झाली," आबा म्हणाले.

"दोन वर्षं? आणि घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

आई पदराशी चाळा करत राहिली. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिले. औषधांनी हात बराच थांबला, काही वर्षं तरी. आधी आले असते तर ही दोन वर्षंही हातात हत्यार नीट धरता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. वाईट हेतूनं नाही, सहज म्हणाले.

आबांनी पेटी उद्यमनगरातल्या एका जुन्या सहकाऱ्याला देऊन टाकली. मी दोन वर्षं आणखी मारलं, मग मुलींना शिकवायला लागले.

शेवटच्या वर्षी आबा अंथरुणाला खिळले होते. मीच भरवत असे. बोलणं फार हळू झालं होतं, कान ओठाशी न्यावा लागे. एका सकाळी, आई त्यांची उशी नीट करत होती, तेव्हा त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"वृषे, ह्यातनं उठीन काय गं मी?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे मला काय सांगत होते ते मला नीट कळत होतं.

"नाही, आबा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. आईनं तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं आबांनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून मी माझा हात त्यांच्या हाताखाली नेला.

"बरं," ते म्हणाले. "भरव आता."